तुम्ही गेला नाहीत तर कुणाचा फोन येईल?

ताई, नमस्कार. तुमच्या सदरात बायकांचीच पत्रं जास्त असतात, म्हणून लिहावं की नको यातच बरेच दिवस गेले. शेवटी आज बसलोच.

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मी तेहतीस वर्षं काढली. टर्नर म्हणून लागलो, सुपरवायझर झालो आणि मार्चमध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणून सुटलो. शाल, श्रीफळ, फोटो, संपलं. जन्म सगळा गल्लीत गेला. वाटण्या झाल्यावर पाच वर्षांपूर्वी गणेशपुरात घर बांधलं. मुलगा पुण्याला, मुलगी फोंड्याला दिली. घरात मी आणि ही. म्हणजे मी एकटाच म्हणा, कारण ही घरात असतेच कुठं? सोमवारी भजन, गुरुवारी गटाची मीटिंग, आणि बायकांना बस फुकट झाल्यापासून आज सौंदत्ती तर उद्या गोकर्ण. विचारलं तर म्हणते, "तुम्ही तेहतीस वर्षं बाहेर होता, तेव्हा मी विचारलं होतं का?"

गल्लीतल्या मंडळात मी पंचवीस वर्षं राबलोय. शिवजयंतीचा चित्ररथ, गणपती, वर्गणी, सगळं. ८६ सालच्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात विशीही गाठली नव्हती, तरी लाठ्या खाल्ल्या. आता मंडळ पोरांच्या हातात गेलं. पत्रिकेवर 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव छापतात, पण मीटिंग झाल्याचं मला व्हॉट्सॲपवर फोटो आल्यावर कळतं.

ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीला दोनदा जाऊन आलो. गुडघे आणि शुगर, तिसरा विषय नाही. शिवाय चारजण एकदम बोलायला लागले की मला नीट समजत नाही, नुसतं हसून मान हलवायची. आमच्या घरासमोर कट्ट्यावर संध्याकाळी निवृत्त माणसं बसतात, पण ती सगळी कन्नड बोलणारी. मला बोलायला येतं, कारखान्यात निम्मं काम कन्नडमधूनच चालायचं. वाचताना मात्र अडखळतो. पण आम्ही त्या आंदोलनातली माणसं. त्यांच्यात जाऊन बसलो तर गल्लीतले काय म्हणतील?

डॉक्टर म्हणतात शुगर बॉर्डरवर आहे, चाला. चालतो. पण चालून परत घरीच यायचं ना? टीव्ही लावला की ही म्हणते, आवाज कमी करा, शेजारी ऐकायलेत. मुलगा म्हणतोय, घर भाड्यानं द्या आणि पुण्याला या. तुम्हीच सांगा, अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसानं जायचं तरी कुठं?

— गणेशपूरचा एक वाचक

* * *

दादा,

पुरुष मला लिहीत नाहीत असं नाही. लिहितात, पण 'माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे' अशी सुरुवात करून. तुम्ही मित्र मध्ये घातला नाहीत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

पत्रात दोन ओळी तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथंच अडकले. चारजण बोलायला लागले की समजत नाही, ही एक. टीव्हीचा आवाज, ही दुसरी. मंडळ, कट्टा, वहिनी, पुणं यांचं नंतर बघू. आधी कान तपासून घ्या.

मशीन शॉपमध्ये तेहतीस वर्षं म्हणजे कानांनी काय काय सोसलं असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज असला की कानाला धोका सुरू होतो, आणि शॉपमध्ये शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत असेल तर आवाज त्याच्या वरच असतो. गोंगाटानं कान खराब होतात ते एकदम नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. स, श, त, फ असे हलके उच्चार त्या बाजूचे. म्हणून आवाज येतो, पण शब्द फुटत नाहीत. एकट्या माणसाशी घरात बोलताना काही वाटत नाही. बैठकीत, लग्नात, हॉटेलात सगळं एकमेकांत मिसळून जातं. मग माणूस एकदा 'काय?' म्हणतो, दुसऱ्यांदा म्हणतो, तिसऱ्यांदा नुसता हसतो. चौथ्या वेळी तो जातच नाही. आणि घरी येऊन म्हणतो की तिथं गुडघे आणि शुगर सोडून दुसरा विषय नसतो. खरंच नसेल, मी नाही म्हणत नाही. पण दुसरा विषय निघाला असता तर तो तुम्हाला ऐकू आला असता का, हेही बघायला हवं.

हे मी आग्रहानं का सांगते? स्मृतिभ्रंशाचा धोका कशानं वाढतो याची एक मोठी यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली नव्यानं मांडली. बदलता येण्यासारखी चौदा कारणं त्यात आहेत. ऐकू कमी येणं, माणसांतून तुटणं, हालचाल नसणं, मधुमेह ही त्यातली चार. हालचाल सोडली, तर बाकी तिघांची चाहूल तुमच्या पत्रात आहे. एवढ्यानं काही होतंच असं नाही, घाबरू नका; पण चारही गोष्टींवर अजून तुमचा हात चालतो, म्हणून सांगितलं.

बिम्सच्या, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जा, ऑडिओमेट्री करायची आहे म्हणून सांगा. कानावर हेडफोन लावून बारीक आवाज ऐकायचे आणि ऐकू आला की बटण दाबायचं, इतकंच. कधी कधी नुसता मळ निघतो आणि माणूस हसत घरी येतो. यंत्र लागेल असं निघालं तर जाहिरात बघून मागवू नका. आधी तपासणीचा कागद, मग लावून बघणं, मग खरेदी. आणि पहिले काही आठवडे ताटवाट्यांचा, पंख्याचा, कागदाचा आवाज नको इतका येईल. त्या वैतागात यंत्र कपाटात टाकू नका. डोक्याला त्या आवाजांची सवय परत व्हायला वेळ लागतो.

आता जायचं कुठं, या प्रश्नाकडे येते.

तुम्ही सगळीकडे बसायला जागा शोधताय. बैठकीत, मंडळात, कट्ट्यावर. जागा मिळेलही, पण तेवढ्यानं तुमचं भागणार नाही. कारखान्यात तुम्ही एक दिवस गेला नाहीत तर नऊ वाजता फोन यायचा. लेथ थांबायचं, डिस्पॅच थांबायचा, कुणीतरी शिव्या घालायचं. गेल्या मार्चपासून तो फोन बंद झालाय. पगार गेला, ओळखपत्र गेलं, त्याचं दुःख होतंच. पण आपल्यावाचून कुणाचं अडत नाही हे जास्त लागतं. म्हणून माझं सांगणं एवढंच: आठवड्यात एक तरी वेळ अशी ठरवा, जिथं तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी फोन करून विचारेल, 'का आला नाहीत?' एकदा एवढं झालं की बाकीचं आपोआप मागून येतं. छंद लावून घ्या, सहली काढा, हे सल्ले तुम्हाला भरपूर मिळतील. मी देणार नाही. तुमचा स्वभाव राबायचा दिसतो.

वहिनींचं बघा ना. त्यांचा तुम्हाला थोडा राग येतोय आणि थोडा हेवा वाटतोय. दोन्ही कबूल करा, पत्रातून लपलेलं नाही. पण सोमवारी त्या भजनाला गेल्या नाहीत तर टाळ कोण धरणार? गुरुवारी गटाच्या वहीवर सही कोण करणार? त्यांचा फोन वाजत असतो तो त्यासाठी. आणि हे सगळं बस फुकट झाल्यावर उगवलेलं नाही. कर्नाटकातली ही फुकट बसची शक्ती योजना सुरू झाली जून २०२३ ला. त्याआधी कितीतरी वर्षं हळदीकुंकवं, बाळंतपणं, मयतं, कुणाच्या तरी लग्नातल्या पापडांचे घाट, यांतून त्यांनी ती माणसं जोडली. तुम्ही तेव्हा सेकंड शिफ्टला होता. त्या घरी बसल्या तर तुमचा प्रश्न सुटेल, असं मनात कुठं असेल तर ते काढून टाका. दोन माणसं रिकामी बसतील, एवढंच होईल. उलट त्या सौंदत्तीहून दमून येतील त्या संध्याकाळी भात-आमटी तयार ठेवा. येत नसेल तर शिका; ज्याला शतांश मिलिमीटर सांभाळता येतं त्याला कुकरच्या शिट्ट्या जड नाहीत. कधी तरी त्यांच्याबरोबर तुम्हीही जा. त्यांचं तिकीट शून्य आणि तुमचं पूर्ण, कंडक्टर हसेल, हसू दे. साठ पूर्ण झाली की आपल्या राज्याच्या साध्या बसमध्ये तुम्हालाही पाव तिकीट माफ आहे. तोवर सरकारच्या लेखी तुम्ही तरुण.

मंडळाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तिथं तुमची खरी कळ आहे.

'मार्गदर्शक' हे पद माणसाला मानानं बाजूला बसवण्यासाठीच काढलेलं आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्हीही तरुणपणी कुणाला तरी असंच मार्गदर्शक केलं असेल. पोरांना तुमचा अनादर करायचा नसतो. त्यांना भीती असते की काका मीटिंगला आले की 'आमच्या वेळी' सुरू होणार आणि अर्धा तास जाणार. मार्गदर्शन नको असतं, पण हातांची त्यांना नेहमी वाण असते. तेव्हा सूचना घेऊन जाऊ नका, एक काम मागून घ्या. आणि तुमच्यासाठी काम तर समोर उभं आहे.

बेळगावात वैशाखात तिथीनं शिवजयंती होते आणि रात्रभर चित्ररथांची मिरवणूक चालते, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे पंढरपूरच्या बडव्याला विठोबाची ओळख करून देणं. पण आताचे चित्ररथ जवळून बघितलेत का? पोरं कपडे, मुकुट, दिवे यांवर जीव टाकतात. हलतं काही असलं तर ते बाहेरून भाड्यानं आणलेलं, किंवा मागं दडून एक पोरगा दोरी ओढत असतो. गडाचा दरवाजा उघडायचा असतो, व्यासपीठ फिरायचं असतं, तोफेचं तोंड वर व्हायचं असतं, आणि ऐन चौकात ते अडकतं. इथं टर्नर हवा. ट्रकची जुनी वायपर मोटर, बारा व्होल्टची बॅटरी, गोल फिरण्याचं पुढं-मागं करायला एक क्रँक, ठरलेल्या वेळी उचलून सोडायला एक कॅम. तुम्हाला यात अवघड काय आहे? तुमच्या जुन्या साथीदारांपैकी कुणाचं तरी उद्यमबागेत छोटं जॉबवर्कचं शेड असेलच. रविवारी लेथ मोकळं असतं.

फक्त एक पथ्य पाळा. सगळं स्वतः करून आयतं नेऊन देऊ नका. मंडळातली आयटीआयला किंवा डिप्लोमाला असलेली दोन पोरं हाताशी घ्या आणि टूल त्यांच्या हातात द्या. एखादा पार्ट बिघडवतील. बिघडवू दे. पुढच्या वर्षी दरवाजा अडकला की त्यांना आधी तुमचा नंबर आठवेल, आणि तो फोन रात्री अकराला येईल. त्याबद्दल तक्रार करायची नाही, कारण तुम्हाला तोच तर हवा होता.

हे जमलं नाही, पोरांनी दाद दिली नाही, तर कुणालाच नको असलेलं काम मागा. पोलिसांची परवानगी, महापालिकेचा अर्ज, हेस्कॉमकडून तात्पुरती वीजजोडणी, ट्रॉलीवर देखावा चढल्यावर वरच्या तारांना किती अंतर राहतं ते मोजणं, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडव उतरवणं. विसर्जनासाठी कपिलेश्वर तलावावर पाचशे जण असतात. दुसऱ्या दिवशी दोरखंड गोळा करायला पाच. त्या पाचांत दिसलात की पत्रिकेतल्या नावापेक्षा लवकर तुमची गणती होईल. मीटिंग व्हॉट्सॲपवर ठरत असेल तर तिथंच उत्तर द्या. सुविचार पाठवू नका. आणि डॉल्बीच्या भिंतीपुढं उभं राहू नका. कानांबद्दल वर लिहिलंय ते याच मिरवणुकीत विसराल, म्हणून इथं परत सांगितलं.

मंडळ वर्षातून दोनदा जागं होतं. मधल्या महिन्यांचं काय? दोन गोष्टी सुचतात.

एक तुमच्याच लोकांची. उद्यमबागेतून निवृत्त झालेले कितीतरी जण पीएफच्या पेन्शनवर आहेत, आणि पेन्शन चालू राहायला दर वर्षी जीवन प्रमाणपत्र द्यावं लागतं. या पेन्शनवाल्यांना ते वर्षभरात कधीही देता येतं आणि दिलेल्या दिवसापासून बारा महिने चालतं. सरकारी पेन्शनरांसारखी नोव्हेंबरचीच अट यांना नाही. पण कित्येकांना तारीख लक्षात राहत नाही, पेन्शन थांबली की मग धावाधाव होते. बोटांचे ठसे उमटत नाहीत हे दुसरं दुखणं. आयुष्यभर कूलंट आणि ग्राइंडिंगमध्ये हात घातलेल्यांचे ठसे कुठून उमटणार? आता फोनच्या कॅमेऱ्यानं चेहरा दाखवूनही ते होतं. आधार, मोबाइल आणि पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा) हाताशी असला की घरबसल्या काम होतं. तुम्ही ते एकदा नीट शिकून घ्या आणि एक वही करा: कुणाचं कधी संपतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एखाद्याच्या दारात किंवा चहाच्या गाड्यावर बसा. फोन ज्याचा त्याच्याच हातात राहू दे, ओटीपी तुम्ही ऐकू नका, कागद स्वतःजवळ ठेवू नका. यात एक पैचाही संशय यायला नको. पण त्या निमित्तानं जुनी माणसं दर महिन्याला भेटतील. कोण आजारी आहे, कोणाची बायको गेली, हे तुम्हाला सगळ्यात आधी कळेल. अशा माणसाकडे लोक येतच राहतात.

दुसरी शाळेची. तुमच्या जुन्या गल्लीजवळची सरकारी मराठी शाळा चालू आहे का, जाऊन बघा. आपल्या भागात या शाळांचा पट घसरतोय, ठिकठिकाणी अतिथी शिक्षकांवर गाडा चालतो. त्याबद्दल भाषणं आपण पुष्कळ ऐकली. तुम्ही मुख्याध्यापकांना भेटा, शाळेच्या समितीतल्या, म्हणजे एसडीएमसीतल्या, कुणाला तरी बरोबर घ्या आणि बुधवारची दुपार मागा. पहिल्या दिवशी गळके नळ आणि हलणारे बाक. नंतर एखाद्या बुधवारी मायक्रोमीटर खिशात घालून जा आणि सातवीच्या मुलांना स्वतःच्या डोक्यावरच्या केसाची जाडी मोजायला लावा. पन्नास ते शंभर मायक्रॉनच्या मध्ये कुठंतरी येईल, आणि कुणाचा केस जाड यावर वर्गात मारामारी होईल. दशांश अपूर्णांक त्या मुलांना त्या दिवशी कळेल. पुढच्या बुधवारी तुम्ही नाही दिसलात तर ती मुलं विचारणार, यात मला शंका नाही.

हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथं ग्रामीण साहित्य संमेलनं भरतात. तिथंही मंचावर नाही, मांडवात राबायला माणसं कमी पडतात. कविता येत नसली तरी चालतं.

आता कट्टा. इथं मी जरा सावकाश लिहिते, कारण तुमची अडचण मला खोटी वाटत नाही. ८६ साली ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांना 'जाऊ दे, विसरा आता' म्हणणं सोपं असतं. ज्याच्या पाठीवर वळ नाही तोच ते म्हणतो. विसरू नका. गणेशपुराहून हिंडलगा किती लांब? १ जूनला तिथल्या हुतात्मा स्मारकावर जात असाल, जातच राहा. मराठीतून कागदपत्रं मिळावीत ही मागणीही सोडू नका. पण ते आंदोलन सक्तीविरुद्ध होतं, आणि सक्ती कट्ट्यावर बसणाऱ्या निवृत्त माणसानं केली नव्हती. त्यातला कुणी गोकाकहून बदली होऊन आलेला असेल, कुणी बैलहोंगलचा मास्तर असेल, आणि त्याचाही मुलगा बेंगळुरूला आणि सून फोनवर असेल. तुम्ही तेहतीस वर्षं ज्या भाषेत ऑर्डरी घेतल्या, चहा प्यालात, कामगारांचं भांडण सोडवलंत, ती भाषा कारखान्याच्या गेटबाहेर आल्यावर परकी कशी झाली? गल्लीतले काय म्हणतील हे तुम्ही विचारलंत. खडेबाजारात दुकान टाकलेला आपला मराठी माणूस गिऱ्हाइकाशी दिवसभर काय बोलतो, ते गल्लीतल्यांना माहीत आहे. ते काही म्हणणार नाहीत. म्हणालेच तर दोन दिवस.

तर उद्या संध्याकाळी जा, 'ऊट आयतेन्री?' (जेवण झालं का?) म्हणा, आणि 'बर्री, कूड्री' (या, बसा) असं उत्तर येईल. बहुतेक त्यातले दोघे-तिघे तुमच्याशी मराठीतच बोलायला लागतील. पहिल्याच दिवशी सीमाप्रश्न काढू नका, त्यांनी काढला तर हसून चहा मागवा. आठ-पंधरा दिवसांनी कन्नड पेपर उघडा आणि अडेल तिथं त्या मास्तरांना विचारा. मास्तर लोकांना कुणी विचारलेलं फार आवडतं. वाचता यायला लागलं की गणेशपुरातल्या ज्या मराठी म्हाताऱ्यांना घरपट्टीची नोटीस आणि जमिनीचा उतारा घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं, ती तुमच्या दारात येतील. त्यांना समजावून सांगणारा माणूस आपल्यातला असला तर त्यात मराठीचं काय नुकसान आहे, ते मला तरी दिसत नाही. आणि हो, कट्ट्यावर बसताना मध्ये बसू नका, एका टोकाला बसा, म्हणजे बोलणाऱ्यांची तोंडं दिसतात आणि ऐकायला सोपं जातं.

चालण्याबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही चालताय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० मिनिटं दमछाक न होता पण थोडा घाम येईल असं काहीतरी करायला सांगते आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला. हे दुसरं आपल्याकडे कुणी करत नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला टेकून जोर, जिना. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर शुगरला जास्त उपयोग होतो. पावसाळ्यात चार महिने आपल्याकडे सकाळी बाहेर पडणं म्हणजे छत्रीशी कुस्ती, तेव्हा सूर्यनमस्कार घरातल्या घरात. कॅम्पातल्या झाडांखालून चालत असाल तर एकटे चालू नका. मशीन शॉपमधल्या एखाद्याला सकाळी सहाची वेळ द्या. वेळ दिली की मोडवत नाही.

आणखी एक, थोडक्यात. पत्रात तुम्ही झोपेबद्दल आणि भुकेबद्दल लिहिलं नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, जेवण गोड लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर कामं शोधण्याआधी डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे. तिथं फोन केला म्हणून कुणी वेडा ठरत नाही.

राहिलं पुणं. मुलगा बोलावतोय ते मायेनं, आणि त्याला कामाच्या गडबडीत तुमची काळजी लांबून करायची नाही, हेही खरं असेल. पण या वर्षी जाऊ नका. कारखान्यातून सुटून वर्षही झालं नाही. अशा वेळी घर, गाव, भाषा, डॉक्टर सगळं एकदम बदललं की माणूस तिथं जाऊन नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोचवणारा होतो आणि बाकीचा दिवस बाल्कनीत काढतो. वहिनींचं भजन आणि गट इथं आहे, त्यांना विचारलंत का? पत्रात ते कुठं दिसलं नाही. आधी त्यांना विचारा. मग पावसाळ्यात महिनाभर दोघं जाऊन राहा. तिथं सकाळी खाली उतरल्यावर बोलायला कोण आहे, तुमचं ऑडिओमेट्रीचं पुढचं काम तिथं होईल का, सुनेला तुमचं असणं सोयीचं आहे की अडचणीचं, हे सगळं त्या महिन्यात न विचारता कळेल. गणेशपूरचं घर भाड्यानं द्यायचंच झालं तर अकरा महिन्यांच्या करारानं द्या आणि एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवा. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि वहिनींचे टाळ त्या खोलीत ठेवून जा. गल्लीच्या पोरांना मात्र कळवून जा, कुठल्या तारखेला परत येणार ते. गणपतीचं काम त्याच सुमाराला निघतं.